गवताखालचं वेळापत्रक

न्यू जर्सीत ऑक्टोबर सरत आला की सगळ्यांच्या माना वर असतात. मेपल लाल झालेले, ओक तांबूस, रस्त्यारस्त्यावर फोटो काढणारी माणसं. मी त्या दिवसांत खाली बघत असते. गुडघ्याखाली एक जुनं पोतं, हातात छोटं फावडं आणि खिशात भिंग घेऊन घरामागच्या लॉनवर बसते. पुढचे चार महिने हे गवत झोपणार, त्यावर बर्फ साचणार. त्याआधी खाली काय चाललंय ते बघून घ्यायला हवं असतं.

लॉन तपासायची पद्धत साधी आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन आखायचा, तीन बाजूंनी दोन-तीन इंच खोल कापायचं आणि चौथी बाजू तशीच ठेवून गवताचा थर उलटा करायचा. मुळं धड असतील तिथे थर उचलायला जोर लागतो, तंतू तुटताना चरचर ऐकू येते. मुळं खाल्लेली असतील तिथे गवत हाताबरोबर अलगद वर येतं. खालची माती भुसभुशीत झालेली असते आणि तिच्यात त्या अळ्या पहुडलेल्या असतात. पांढरट, अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या, सहा पायांच्या. मागच्या टोकाकडे कातडी इतकी पातळ, की पोटातली माती काळसर दिसते. उजेड लागला की हळूहळू अंग आवळून घेतात.

इथे त्यांना ग्रब म्हणतात. माझ्या माहेरी, वाळवा तालुक्यात, प्रत्येक ऊसवाला त्यांना ओळखतो. हुमणी. जात वेगळी, पण कुळ एकच.

आता भिंग बाहेर काढायचं. अळी बोटांत धरून तिच्या शेपटाकडचा खालचा भाग बघायचा. तिथे बारीक राठ केसांची एक नक्षी असते आणि त्या नक्षीवरून अळी कुठल्या भुंगेऱ्याची ते कळतं. केस व्ही अक्षराच्या आकारात असतील तर ती जपानी भुंगेऱ्याची. दोन समांतर ओळी असतील तर ओरिएंटल भुंगेऱ्याची. आडवी चंद्रकोर असेल तर एशियाटिक गार्डन बीटलची. आमच्याकडे सगळे नाव घेतात जपानी भुंगेऱ्याचं, कारण उन्हाळ्यात गुलाबाच्या पानांची चाळण करताना तोच दिसतो, हिरव्या-तांब्याच्या झगमगीत रंगाचा. पण न्यू जर्सीच्या लॉनखाली बहुतेक ठिकाणी जास्त सापडतो तो ओरिएंटल. तो फिकट तपकिरी, फुलझाडांना फारसा त्रास न देणारा, म्हणून नजरेत भरत नाही. आमच्या चौकोनांत बहुतेक वेळा समांतर ओळीच दिसतात. पहिल्यांदा त्या ओळी स्पष्ट दिसल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता. शत्रूचं नाव कळलं की अर्धी भीती जाते.

मग मोजायचं. एका चौरस फुटात चार-पाच अळ्या असल्या तर काहीही करायचं नाही, तेवढ्या प्रत्येक जिवंत लॉनखाली असतात. आठ-दहाच्या वर गेल्या तर काळजीचं. पाणी आणि मुळं चांगली असतील तर गवत त्याहूनही जास्त सोसतं. आणि एकाच ठिकाणी बघून भागत नाही, कारण अळ्या लॉनभर सारख्या पसरत नाहीत. उन्हाची बाजू, फुटपाथजवळची कड, बाहेरच्या दिव्याखालचा तुकडा, असे पाच-सहा चौकोन बघावे लागतात. बघून झालं की थर परत बसवायचा, पायानं दाबायचा, पाणी घालायचं. गवत काही दिवसांत धरतं.

ही मोजणी मी नोव्हेंबर लागायच्या आत उरकते, कारण अळ्या तोवरच हाती लागतात. मातीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या आसपास उतरलं की त्या खाणं थांबवतात आणि खाली निघतात. चार, सहा, आठ इंच खाली, गारठ्यापासून सुरक्षित अशा थरात जाऊन त्या निपचित पडतात. मार्च-एप्रिलमध्ये माती उबदार झाली की पुन्हा वर, थोडे दिवस मुळांवर ताव, मग मे-जूनमध्ये कोष आणि जूनअखेर-जुलैत भुंगेरे हवेत. मादी त्यानंतरच्या काही आठवड्यांत परत परत गवतात उतरून चाळीस-साठ अंडी मातीत घालते. दोनेक आठवड्यांत ती फुटतात. ऑगस्टमध्ये अळ्या इवल्याशा असतात, सप्टेंबरमध्ये भराभर वाढून मुळं फस्त करतात. म्हणजे लॉनवर तपकिरी चट्टे दिसतात तेव्हा अळी पूर्ण वाढलेली आणि निघायच्या तयारीत असते.

हे वर्षाचं चक्र मला पाठ झालंय, आणि म्हणूनच नोव्हेंबरमध्ये कुणी दारात येऊन ‘ग्रब ट्रीटमेंट’ विकू लागला की मला मनापासून राग येतो. एका वर्षी असाच एक तरुण आला होता. अंगावर कंपनीचं जॅकेट, हातात टॅबलेट, बोलणं अतिशय गोड. आमच्या कडेच्या चट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, आज फवारून टाकू, वसंतात लॉन मखमली होईल. मी विचारलं, औषध कुठलं आणि अळ्या आज किती खोल आहेत? त्याला दोन्ही माहीत नव्हतं. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला जे शिकवलं ते तो बोलत होता. पण त्याला ते शिकवून घरोघर धाडणाऱ्यांवर आहे. अळ्या खाली गेल्यावर वर टाकलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही, पोचलं तरी न खाणाऱ्या अळीच्या पोटात जात नाही. ते राहतं गवतात, किंवा पावसाबरोबर वाहतं गटारात आणि तिथून ओढ्यात.

त्या आठवड्यात काकांना फोन केला तेव्हा हे सांगितलं. काका सत्तरी ओलांडलेले, अजून रोज रानात जातात. ते म्हणाले, “पोरी, भुंगेरा दिसतोय तवाच त्याला धरायचा असतोय. हुमणी मुळात शिरल्यावर आवशीद म्हंजे वरातीमागनं घोडं.”

आमच्याकडची हुमणी वळवाच्या पावसाची वाट बघते. मे-जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. गावातली माणसं तेव्हा कंदील आणि पत्र्याचे डबे घेऊन बाहेर पडायची. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्यानं करून उपयोग नसतो, शेजारच्या रानातला भुंगेरा आपल्या उसात अंडी घालायला येतोच. म्हणून आळीच्या आळी निघायची, आम्ही पोरंही. ते दिवस चुकवले, तर पुढे श्रावण-भाद्रपदात ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि हातानं ओढला तरी अख्खं बेट वर येतं, कारण खाली मुळंच नसतात. मी इथे गवताचा थर उलटा करते तेव्हा हाताला तोच मोकळेपणा लागतो. माझ्या हाताला तो लहानपणापासून माहीत आहे.

फरक एवढाच, की काकांच्या उसावर घर चालतं आणि माझ्या लॉनवर काही पिकत नाही. हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. जे पिकत नाही त्यासाठी विष किती वापरावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: जवळजवळ शून्य. पण लॉन सोडूनही द्यायचं नाही. गवताची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात, पोरं त्याच्यावर खेळतात, उन्हाळ्यात घराभोवती गारवा राहतो. त्याची राखण करायची, फक्त डोकं वापरून करायची.

आणि डोकं वापरायचं तर न्यू जर्सीइतकी योग्य जागा नाही, कारण या लढाईचा बराचसा इतिहास इथेच घडला. जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, डेलावेअर नदीकाठच्या रिव्हर्टन गावाजवळच्या एका नर्सरीत. जपानहून आलेल्या आयरिसच्या कंदांबरोबरच्या मातीतून अळ्या आल्या असाव्यात असं मानलं जातं. परदेशी रोपांची तपासणी सक्तीची करणारा कायदा १९१२ साली झाला, त्याच्या थोडं आधीच त्या घुसल्या असणार. जपानात या भुंगेऱ्याला खाणारे, त्याच्यावर वाढणारे जीव होते आणि अशी अफाट कुरणं, लॉन नव्हती. इथे शत्रू मागे राहिले आणि पुढ्यात शेकडो मैल मऊ, ओलं, पाणी घातलेलं गवत. तो पसरला यात नवल नाही.

मग सरकारनं बंदोबस्त केला, तपासणी नाके घातले, विषं मारली. भुंगेरा थांबला नाही. पण त्याच काळात काही माणसं बसून नीट बघत होती, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. १९२९ साली रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाला हॅडनफील्डजवळच्या एका गोल्फ मैदानात मेलेल्या ग्रबमध्ये सूक्ष्म सूत्रकृमी सापडले. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी अळीच्या आत शिरून तिला मारतात. त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले आणि न्यू जर्सीच्या शेतांत, मैदानांत सोडून बघितले. त्या जातीला आजही त्यांचं नाव आहे, स्टाइनरनेमा ग्लेझेरी. तीसच्या दशकात इथेच ग्रबच्या एका आजाराचा शोध लागला. त्यात अळीचं रक्त दुधासारखं पांढरं होतं, म्हणून त्याला मिल्की डिसीज म्हणतात. तो घडवणाऱ्या जिवाणूची भुकटी १९४८ साली नोंदणीकृत झाली, अमेरिकेत नोंदलं गेलेलं ते पहिलं जिवाणूजन्य कीटकनाशक. कोरिया-चीनकडून टिफिया नावाच्या छोट्या गांधीलमाश्या आणून सोडल्या. ही माशी मातीत शिरून नेमकी अळी शोधते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. त्या माश्यांचे वंशज अजून इथे आहेत, मे महिन्यात आमच्या टुलिपच्या झाडाभोवती घिरट्या घालताना मी बघितले आहेत.

सगळं सरळ घडलं असं नाही. मिल्की डिसीजची भुकटी फक्त जपानी भुंगेऱ्याच्या अळीवर चालते, ओरिएंटलवर तिचा भरवसा नाही. म्हणजे भिंगातल्या त्या केसांच्या ओळी बघितल्याशिवाय भुकटी आणली तर पैसे पाण्यात. दुकानात ती अजूनही ‘सर्व ग्रबसाठी’ समजून नेणारे लोक भेटतात, आणि मी ओळख नसली तरी थांबून सांगते. नवऱ्याला अवघडल्यासारखं होतं, पण सांगायलाच हवं.

दुसरी वाटही या भागानं बघितली. डायझिनॉन हे एके काळी ग्रबवरचं घराघरातलं औषध होतं. १९८४ साली लाँग आयलंडवरच्या एका गोल्फ मैदानावर ते फवारल्यावर तिथे चरायला उतरलेले सुमारे ७०० ब्रँट पक्षी मेले. ब्रँट म्हणजे आर्क्टिककडून हिवाळा काढायला आमच्या किनाऱ्यावर येणारे छोटे काळे हंसवर्गी पक्षी. अशा घटनांमुळे १९८८ साली गोल्फ मैदानं आणि गवताच्या नर्सऱ्यांमध्ये या औषधाला मनाई झाली. घरगुती लॉनसाठी मात्र ते आणखी कितीतरी वर्षं विकलं जात राहिलं, २००४ संपेपर्यंत. पक्ष्यांना गोल्फचं गवत आणि घरचं गवत यांतला भेद कळतो का? नोव्हेंबरमध्ये ब्रँट यायला लागतात तेव्हा मला ही घटना आठवतेच. त्यानंतर आलेली निओनिकोटिनॉइड कुळातली औषधं पक्ष्यांना तुलनेनं सौम्य म्हणून आली आणि मधमाश्यांच्या मुळावर उठली. २०२२ साली न्यू जर्सीनं कायदा करून त्यांच्या घराबाहेरच्या बिगरशेती वापरावर कडक निर्बंध घातले. मला हा कायदा आवडतो. थोडी गैरसोय होते, होऊ दे.

माझ्या सासूबाई दर वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे असतात. त्यांची सवय म्हणजे सकाळी चहाआधी दवात अनवाणी चालायचं. डोळ्यांना चांगलं असतं म्हणतात. आमच्या रस्त्यावर अधूनमधून कुणाच्या ना कुणाच्या लॉनवर छोटी पाटी खोचलेली असते, फवारणी झाली आहे, आत येऊ नका. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं, “अगं, यांच्या अंगणात यांनाच जायची बंदी?” त्यांचा तो प्रश्न मनात राहिला. आमच्या गवतावर अशी पाटी कधी लागू नये, एवढं मी तेव्हा ठरवलं, आणि मग बाकी सगळं शिकणं त्या एका गोष्टीसाठी झालं.

शिकताना कळलं, की नोव्हेंबरातलं लॉन जुलै-ऑगस्टमध्येच ठरून गेलेलं असतं. भुंगेऱ्याच्या अंड्याला ओलावा लागतो. जुलैत सगळीकडे ऊन रणरणत असताना ज्याच्या लॉनवर रोज फवारे उडतात तिथेच माद्या गर्दी करतात, आणि तिथलीच अंडी जगतात. गवत त्या महिन्यात थोडं पिवळं पडू दिलं तर बिघडत नाही. इथली फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंड हवेची गवतं आहेत, उन्हाळ्यात डुलकी घेणं त्यांच्या स्वभावातच आहे, पाऊस आला की उठतात. शेजारी हिरवंगार आणि आपलं पिवळट, हे बघवत नाही हे मला मान्य आहे. आमच्याकडेही यावरून चर्चा झाली. पण सप्टेंबरमध्ये चौकोन उलटे केले की चर्चा संपते.

त्यापुढचं पाऊल ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधलं, सूत्रकृमींचं. हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा अशा लांबलचक नावाची जात त्यासाठी मिळते. पाकीट बर्फाच्या पिशवीत घालून घरी येतं, ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लवकर वापरायचं, कारण आत जिवंत प्राणी आहेत. ऊन त्यांना मारतं, म्हणून संध्याकाळी, आधी माती भिजवून, झारीनं किंवा पंपानं सोडायचे आणि वरून परत पाणी द्यायचं. अळ्या तेव्हा लहान आणि वरच्या थरात असतात, माती उबदार असते. कृमी अळीच्या आत शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात. दोन-तीन दिवसांत अळी मरते. मेलेली अळी विटेसारखी लाल होते. मी अशा अळ्या मातीत शोधून मुलाला दाखवल्या आहेत. त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला जे चित्रात असतं ते तळहातावर बघून तो बराच वेळ गप्प होता. ते जिवाणू अंधारात मंद चमकतात हे मी सांगितल्यावर एक लाल अळी घेऊन तो कपाटात जाऊन बसला. आपल्या डोळ्यांना ती चमक दिसण्याइतकी क्वचितच असते, पण त्याची खात्री आहे की त्याला दिसली.

आता खुद्द पानगळीच्या शेवटाकडे. अळ्या खाली गेल्या म्हणजे काम संपलं असं नाही, पण ते काम बाटलीतलं नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्कंक आणि रॅकून हे इथले छोटे रानप्राणी रात्री अळ्या खायला येतात. स्कंक नाकाच्या आकाराचे छोटे खड्डे पाडतो. रॅकून मात्र सतरंजी गुंडाळावी तसा गवताचा थर गुंडाळून ठेवतो, सकाळी उठून बघितलं तर धक्काच बसतो. लोक त्यांना पकडायला माणसं बोलावतात. मला वाटतं, ते निरोप घेऊन आलेले आहेत, खाली जेवण भरपूर आहे हा. ते जिथे उकरतात तिथे माझा पुढचा चौकोन. उलटलेले थर त्याच सकाळी परत अंथरून पाणी घातलं तर मुळं दंव पडायच्या आत धरतात. उशीर केला तर तो तुकडा गेला. मोल नावाचा चिचुंदरीसारखा प्राणी जमिनीखालून बोगदे करत वरची माती फुगवतो, तोही गांडुळं आणि अळ्याच शोधत असतो, गवत खात नाही.

खरं नुकसान करतो तो व्होल. आखूड शेपटीचा, गुबगुबीत, शेतातल्या उंदराच्या जातीचा. हा गवत खातो, मुळं खातो आणि बर्फाचं छप्पर मिळालं की निर्धास्त होतो. वरून ससाणा नाही, घुबड नाही. बर्फाखाली तो गवतावरून दोन बोटं रुंद वाटा काढत फिरतो. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर लॉनभर वळणावळणाच्या पन्हाळी दिसतात, आणि भोवतीच्या कोवळ्या झाडांची बुंध्याजवळची साल सोललेली असते. सालीची गोल पट्टी पूर्ण गेली तर झाड मरतं. यावर उपाय आत्ताच करायचा. शेवटची कापणी जरा खाली, अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे लपायला उंच गवत राहत नाही. एरवी मी तीन-साडेतीन इंच ठेवते, कारण वर पान जितकं, खाली मूळ तितकं. झाडाच्या बुंध्याशी रचलेला लाकडी भुसा हातभर मागे ओढायचा. आणि लहान झाडांना पाव इंच जाळीचं नळकांडं, खालची कड मातीत गाडून. आमच्या अंजिराला असं नळकांडं आहे. त्याच्या बुंध्याशी मी खाली वाकून जाळी तपासते तेव्हा दात लागल्याच्या खुणा जाळीच्या बाहेरच्या काडीकचऱ्यावर दिसतात, झाडावर नाहीत.

थंडीतच जागा होणारा एक जीवही आहे, विंटर ग्रेन माइट. काळपट अंग, नारिंगी-लाल पाय, टाचणीच्या टोकाएवढा. याची अंडी उन्हाळा झोपून काढतात आणि ऑक्टोबरमध्ये फुटतात. ढगाळ दिवशी किंवा रात्री पात्यांवर येऊन रस शोषतो, पाती टोकाकडून चंदेरी-करडी दिसू लागतात. लोक म्हणतात थंडीनं गवत करपलं. भिंग घेऊन सांजवेळी बघितलं तर खरं कळतं. बहुतेक वेळा वसंतात गवत आपलं आपण सावरतं.

चिंच बग हे गवताचा रस शोषणारे बारीक किडे हिवाळा काढतात ते गवताच्या बुडाशी साठलेल्या वाळक्या थरात आणि पाचोळ्यात. तो थर जाड झाला असेल तर सप्टेंबरमध्येच विंचरून काढायचा. नवं बी टाकताना मी एंडोफाइट असलेलं टॉल फेस्क्यू किंवा रायग्रास घेते. एंडोफाइट म्हणजे गवताच्या आत राहणारी एक बुरशी, ती गवताला इजा करत नाही पण वर खाणाऱ्या किडींना नकोसं करते. चिंच बग आणि पाती खाणाऱ्या वेबवर्म अळ्या यांच्याविरुद्ध ते चांगलं. मुळं खाणाऱ्या ग्रबवर त्याची फार मदत होत नाही, तेव्हा त्याच्या पाकिटावरच्या मोठमोठ्या वचनांनी भुलू नये.

राहिलं खत. २०११ च्या न्यू जर्सीच्या कायद्यानुसार घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात लॉनला खत घालायचं नाही. गवत झोपलेलं असतं, खत वाहून पाण्यात जातं आणि खाडीत शेवाळ माजतं, बार्नेगाट खाडीचा अनुभव या कायद्यामागे होता. फॉस्फरस हवंच असेल तर आधी मातीची तपासणी. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवता येतो आणि प्रत्येक काउंटीत त्यांचं विस्तार कार्यालय असतं. तिथे अळी डबीत घालून नेली तर ती कुठली ते सांगतात. गावाकडच्या कृषी सहायकासारखी ही माणसं मला फार जवळची वाटतात.

पाचोळ्याबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय. लॉनवर पानांचा जाड ओला थर राहिला तर खाली गवत गुदमरतं, बर्फाखालच्या बुरशीला आणि व्होलला आमंत्रण मिळतं. म्हणून तिथून पानं हलवावीच लागतात. थर पातळ असेल तर मोवर दोनदा फिरवून बारीक चुरा करायचा, तो मुरतो आणि मातीलाच खायला मिळतो. उरलेली पानं मी पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवत नाही. कुंपणाकडेच्या झाडांखाली, झुडपांच्या बुडाशी पसरते, अख्खीच, चुरा न करता. कारण त्यांच्यात आणि खालच्या मातीत पतंगांचे कोष आहेत, एकट्या हिवाळा काढणाऱ्या भुंगमाश्यांच्या राण्या आहेत, आणि काजव्यांची पोरं आहेत.

काजव्याची अळी एक-दोन वर्षं मातीत आणि ओल्या पाचोळ्यात राहते, गोगलगायी आणि मऊ अंगाचे किडे खाते. जूनच्या अखेरीला आमच्या मागच्या लॉनवर काजवे चमकतात तेव्हा सासूबाई खुर्ची बाहेर टाकून बसतात आणि कोकणातल्या त्यांच्या आजोळच्या पावसाआधीच्या रात्री सांगतात. ते उडणारे काजवे नोव्हेंबरमध्ये माझ्या पायाखाली, ग्रबच्या शेजारीच असतात. ग्रबसाठी म्हणून लॉनवर ओतलेलं जालीम विष दोघांत फरक करत नाही. ज्यांना लॉन गुळगुळीत हवं आहे त्यांना मी नावं ठेवत नाही. मला काजवे हवे आहेत आणि त्यासाठी काही तपकिरी चट्टे मला चालतात.

आमच्या उजवीकडच्या घरी एक निवृत्त गृहस्थ राहतात, इटालियन वंशाचे, टोमॅटो अप्रतिम पिकवतात. त्यांचं लॉन रस्त्यातलं सगळ्यात हिरवं असायचं आणि जुलैभर त्यांचे फवारे चालायचे. गेल्या ऑक्टोबरमध्ये रॅकूननं त्यांची पुढची बाजू पार उलथून टाकली. मी फावडं आणि भिंग घेऊन गेले. दोघांनी मिळून चौकोन काढले, मोजलं, त्यांना समांतर ओळी दाखवल्या. त्यांनी कानटोपी मागे सरकवली आणि विचारलं, मग आत्ता काय करायचं? मी सांगितलं, आत्ता थर परत अंथरू या, मी मदत करते. भुंगेरे उडतील तेव्हा फवारे बंद ठेवा आणि ऑगस्टअखेरीला सूत्रकृमी सोडा. एक पाकीट दोन लॉनना पुरतं आणि भुंगेऱ्यांना आपलं कुंपण कळत नाही, तेव्हा दोघांनी एकाच संध्याकाळी सोडलेले बरे. त्यांनी लगेच स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणलं, पण ते त्याच वर्षाचं, डिसेंबरला संपणारं. मग नव्या वर्षाचं घेऊन डिसेंबरमध्ये ते आमच्या दारात आले आणि ऑगस्टचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी तारीख लिहिली. खाली त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, संध्याकाळी, आधी पाणी.